पाव हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत

बंगळूर येथील विधानसौध ही कर्नाटक विधिमंडळाची इमारत. ग्रॅनाइटच्या दगडात बांधलेली ही वास्तू १९५६ साली पूर्ण झाली. तिच्या दर्शनी भागावर ‘सरकारी काम हे देवाचे काम’ अशा अर्थाचे वाक्य कोरलेले आहे. शहर पाहावयास आलेला प्रवासी तिचे घुमट आणि खांब न्याहाळतो व पुढे जातो. याच इमारतीत १९८३ साली जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायती यांच्यासाठी एक नवा कायदा करण्यात आला. त्या कायद्याने या संस्थांतील शेकडा पंचवीस जागा, म्हणजे पाव हिस्सा, स्त्रियांसाठी राखून ठेवला. विषय गावपातळीवरच्या कारभाराचा होता. देशाच्या संसदेशी त्याचा काही संबंध असेल, असे त्या वेळी फारसे कोणाला वाटले नसावे. परंतु चाळीस वर्षांनंतर, सप्टेंबर २०२३ मध्ये, लोकसभेतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी घटनादुरुस्ती संसदेने मंजूर केली. त्या निर्णयापर्यंत पोहोचलेली एक वाट बंगळूरच्या या इमारतीतून गेलेली आहे.

ही वाट सरळ नाही. तिच्यावर पुढे जाणारे जसे भेटतात, तसे अडून बसणारेही भेटतात. आणि राखीव जागांना नकार देणाऱ्यांमध्ये काही अत्यंत कर्तबगार स्त्रियाही होत्या, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

मागणी आणि नकार

आजचे कर्नाटक राज्य १९५६ पूर्वी एकसंध नव्हते. बंगळूर आणि म्हैसूर हा प्रदेश म्हैसूर संस्थानात होता. मंगळूर मद्रास प्रांतात मोडत असे, तर बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हा भाग मुंबई प्रांतात होता. त्यामुळे या भूमीतील स्त्रियांच्या राजकीय जीवनाचा इतिहास निरनिराळ्या राजवटींत विखुरलेला आढळतो. त्यातही मंगळूरचे नाव पुन्हा पुन्हा पुढे येते.

मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी १९२१ साली स्त्रियांना मताधिकार दिला. तो सर्व स्त्रियांना नव्हता. मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या मोजक्या स्त्रियांपुरताच होता. निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क त्यानंतर काही वर्षांनी मिळाला. तो मिळताच १९२६ साली मंगळूरच्या कमलादेवी चट्टोपाध्याय मद्रास विधान परिषदेच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी पराभूत झाल्या. पुढच्याच वर्षी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची त्या परिषदेवर नेमणूक झाली व त्या तिच्या उपाध्यक्षाही झाल्या. जी निवडणुकीस उभी राहिली ती बाहेर राहिली आणि जिची नेमणूक झाली ती आत गेली. स्त्रियांना सभागृहाचे दार कोणत्या मार्गाने उघडते, हा प्रश्न या दोन घटनांपासूनच सुरू होतो.

या प्रश्नाचे एक उत्तर राधाबाई सुब्बरायन यांनी दिले. त्याही मूळच्या मंगळूरच्या. दलितांच्या शिक्षणासाठी झटणारे समाजसुधारक कुदमुल रंगराव यांच्या कन्या. १९३० साली लंडन येथे भरलेल्या पहिल्या गोलमेज परिषदेस त्या आणि बेगम जहांआरा शाहनवाज अशा दोन भारतीय स्त्रिया उपस्थित होत्या. निदान आरंभीच्या काळात तरी कायदेमंडळांत स्त्रियांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात, असे राधाबाईंचे म्हणणे होते. परंतु देशातील प्रमुख स्त्री-संघटनांना ते मान्य नव्हते. प्रौढ मताधिकार द्या आणि स्त्री-पुरुष भेद न करता निवडणुका घ्या. आम्हांला खास सवलत नको, अशी त्यांची भूमिका होती. ब्रिटिश सरकारने १९३५ च्या कायद्यात प्रांतिक कायदेमंडळांतील ४१ जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. १९३८ साली राधाबाई ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ या तत्कालीन केंद्रीय वरिष्ठ सभागृहात गेल्या. त्या सभागृहाच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य होत.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभागृहाला अर्पण करण्याचा मान मुंबईच्या हंसाबेन मेहता यांना मिळाला. याच घटना समितीत रेणुका राय यांनी स्त्रियांसाठी राखीव जागा ठेवण्यास विरोध केला. स्वतंत्र भारतात स्त्रियांना त्यांच्या योग्यतेवर संधी मिळेल, असा त्यांचा विश्वास होता. या भूमिकेमागे केवळ भाबडेपणा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसलेल्या, सभा गाजवलेल्या स्त्रियांची ती पिढी होती. ‘राखीव’ या शब्दात तिला परक्या राजवटीची फोडाफोडीची नीती दिसत असे. मात्र पुढील निवडणुकांनी या विश्वासाला साथ दिली नाही.

‘अमक्याची बायको’

स्वतंत्र भारताने २१ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मताधिकार दिला. (पुढे १९८९ पासून ही वयोमर्यादा १८ वर आली.) परंतु पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची मतदारयादी तयार करताना एक विलक्षण अडचण उभी राहिली. उत्तर आणि मध्य भारतातील अनेक स्त्रिया आपले नाव परक्या माणसाला सांगण्यास तयार होईनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशीच नोंद त्या करीत. मतदाराची ओळख त्याच्या स्वतःच्या नावाने झाली पाहिजे, असा आग्रह मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी धरला. अखेरीस सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. घटनेने दिलेला हक्क वापरण्यासाठी आधी स्वतःचे नाव उच्चारावे लागते, ही जाणीव त्या निवडणुकीने करून दिली. पुढील निवडणुकीपर्यंत ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली.

१९५२ साली स्थापन झालेल्या पहिल्या लोकसभेत स्त्रियांचे प्रमाण शेकडा पाचही नव्हते. पुण्याच्या इंदिरा मायदेव आणि नागपूरच्या अनसूयाबाई काळे या त्या मोजक्या स्त्रियांपैकी होत. त्याच वर्षी राज्यसभेत व्हायोलेट अल्वा यांचा प्रवेश झाला. लोकसभेचे सदस्य थेट जनतेच्या मतांनी निवडले जातात, तर राज्यसभेचे बहुतेक सदस्य राज्यांच्या विधानसभांतील आमदारांकडून निवडले जातात, हा फरक येथे ध्यानात ठेवावयास हवा. व्हायोलेट अल्वा मुंबईत वकिली करीत. त्या मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेल्या आणि त्यांचे पती जोआकिम अल्वा कारवारकडील मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. संसदेतील हे पहिले दाम्पत्य मानले जाते. १९६२ साली व्हायोलेट अल्वा राज्यसभेच्या उपसभापती झाल्या आणि १९६९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे महाराष्ट्राच्या प्रतिभा पाटील यांनीही, राष्ट्रपती होण्यापूर्वी पुष्कळ वर्षे आधी, हे पद सांभाळले.

कर्नाटकातून लोकसभेवर थेट निवडून गेलेली पहिली स्त्री म्हणून सरोजिनी महिषी यांचे नाव घेतले जाते. त्यासाठी मात्र १९६२ साल उजाडावे लागले. धारवाड उत्तर मतदारसंघाने त्यांना लागोपाठ चार वेळा निवडून दिले. त्यांचे संस्कृतचे शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात झाले होते. कर्नाटकातील नोकऱ्यांत स्थानिक लोकांना प्राधान्य मिळावे, यासंबंधीच्या ज्या अहवालाची चर्चा तेथे अद्याप होते, तो अहवाल तयार करणाऱ्या समितीच्या अध्यक्षा याच.

एकेका कर्तृत्ववान स्त्रीचे नाव असे ठळकपणे पुढे येत होते. संख्या मात्र वाढत नव्हती. १९७७ साली तर लोकसभेत अवघ्या १९ स्त्रिया निवडून आल्या. आजवरची ही सर्वांत कमी संख्या होय. त्या १९ जणींपैकी दोघी मुंबईच्या होत्या, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर. गोरेगाव परिसरातील वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून केलेल्या लढ्यांमुळे मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. त्याच निवडणुकीत पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा लोकांच्या तोंडी झाली होती.

इंदिरा गांधींना पुन्हा लोकसभेत पोहोचविले ते कर्नाटकानेच, १९७८ च्या चिकमगळूर येथील पोटनिवडणुकीत. १९९९ साली बळ्ळारीत सोनिया गांधी आणि सुषमा स्वराज यांच्यात लढत झाली आणि सुषमाबाईंनी प्रचारासाठी कन्नडचा अभ्यास केला. बाहेरच्या मोठ्या नेत्यांना कर्नाटकाने असा आसरा दिला, चुरशीच्या लढतीही पाहिल्या. राज्यातील स्वतःच्या स्त्री-कार्यकर्त्यांना लोकसभेची उमेदवारी देताना मात्र तेथील पक्षांचा हात आखडता राहिला. यात कर्नाटक काही वेगळे नव्हते. साऱ्या देशाची कथा हीच होती.

पाव हिस्सा

१९७१ साली केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. तिचा ‘समानतेकडे’ या अर्थाचे शीर्षक असलेला अहवाल १९७४ साली पूर्ण झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत स्त्रियांची पीछेहाट कशी झाली, याचे चित्र त्याने निर्भीडपणे रेखाटले. तरीही कायदेमंडळांत राखीव जागा असाव्यात काय, या प्रश्नावर समितीचे बहुमत जुन्या नकाराच्याच बाजूचे राहिले. लोतिका सरकार आणि वीणा मजुमदार या दोन सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. राखीव जागा नाकारणाऱ्या परंपरेत आपणही वाढलो, परंतु समोर आलेली वस्तुस्थिती पाहून मत बदलणे भाग पडले, असा त्या दोघींच्या म्हणण्याचा आशय होता. विदुषींनी आपले पूर्वीचे मत चुकले हे जाहीरपणे मांडावे, असे प्रसंग विरळाच.

कर्नाटकात १९८३ साली रामकृष्ण हेगडे यांचे सरकार आले. ग्रामविकास आणि पंचायत राज्य हे खाते अब्दुल नझीर साब यांच्याकडे होते. दुष्काळी भागांत विंधनविहिरी खोदण्याच्या कामामुळे लोक त्यांना ‘नीर साब’ म्हणत. नीर म्हणजे पाणी. मुंबईत पाणीवाली बाई आणि कर्नाटकात नीर साब! गावाला आणि वस्तीला ज्याची सर्वांत जास्त निकड असते, त्याच गोष्टीवरून लोक आपल्या माणसाला नाव देतात.

नझीर साब यांचा मूळ हेतू सत्ता राजधानीतून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून गावगटात नेण्याचा होता. स्त्रियांसाठी पंचवीस टक्के जागा हा त्या मोठ्या योजनेचा एक भाग होता. त्याआधी बहुतेक राज्यांत पंचायतींवर एकदोन स्त्रियांना ‘स्वीकृत’ करून घेण्याची, म्हणजे निवडून न आणता सदस्यांच्या मर्जीने सामावून घेण्याची, पद्धत होती. महाराष्ट्रातही ती होती. अशा एकट्यादुकट्या स्त्रीचा बैठकीत प्रभाव पडणे कठीणच. पाव जागा निवडणुकीने भरावयाच्या म्हटल्यावर चित्र बदलले. चार सदस्यांमागे एक स्त्री बसणार, ती मते मागून आलेली असणार, आणि प्रत्येक पक्षाला गावोगाव स्त्री-उमेदवार शोधावेच लागणार.

हा कायदा १९८५ साली अमलात आला व १९८७ च्या जानेवारीत त्यानुसार निवडणुका झाल्या. हजारो स्त्रिया मंडल पंचायतींत आणि जिल्हा परिषदांत निवडून आल्या. त्यांतील कित्येकींच्या मागे पती वा दीर कारभार पाहत, ही टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. ती खोटी नाही. पण तिची दुसरी बाजूही पाहावयास हवी. पंचायतींतील आरक्षणाचा पश्चिम बंगाल आणि राजस्थानात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. (डुफ्लो यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्याच्या सोयींवर अधिक भर दिल्याचे त्यांना आढळले. जिला पाणी भरावे लागते, ती खुर्चीवर बसली की गावाच्या पैशाची वाट बदलते, हे या अभ्यासाने आकड्यांनिशी दाखविले.

महाराष्ट्रातही याच सुमारास हालचाल सुरू झाली होती. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे प्रचंड अधिवेशन भरले. स्त्रियांनी पंचायत राज्य संस्थांच्या निवडणुका लढवाव्यात, असा विचार तेथे पुढे आला. त्यानंतर काही गावांत सर्वच्या सर्व जागांवर स्त्रियांना निवडून आणण्याचे प्रयोगही झाले. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांतील तीस टक्के जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या.

बंगळूरहून दिल्लीकडे

राज्याच्या कायद्यापासून देशाच्या घटनेपर्यंतच्या प्रवासात मार्गारेट अल्वा यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९४२ साली मंगळूर येथे झाला. पदवी आणि कायद्याचे शिक्षण त्यांनी बंगळूरमध्ये घेतले. माउंट कार्मेल महाविद्यालय आणि शासकीय विधी महाविद्यालय या त्यांच्या शिक्षणसंस्था. व्हायोलेट अल्वा यांच्या त्या सून होत. १९७४ पासून १९९८ पर्यंत त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या आणि १९९९ साली कारवारकडील कॅनरा मतदारसंघातून, म्हणजे ज्या भागातून पूर्वी त्यांचे सासरे निवडून येत त्याच भागातून, लोकसभेवर गेल्या.

राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात स्त्रिया आणि बालकल्याण हा विभाग त्यांच्याकडे होता. त्या काळात, १९८८ साली, स्त्रियांच्या विकासाचा एक राष्ट्रीय आराखडा तयार झाला. निवडणुकीने भरावयाच्या संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा असाव्यात, अशी शिफारस त्यात होती. १९८९ साली मांडलेल्या ६४ व्या घटनादुरुस्ती विधेयकात पंचायतींपुरती ती स्वीकारण्यात आली. ते विधेयक लोकसभेत संमत झाले, परंतु राज्यसभेत आवश्यक बहुमताअभावी पडले. अखेर पी. व्ही. नरसिंह राव यांच्या कारकिर्दीत ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली व १९९३ साली ती लागू झाली. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत किमान एक तृतीयांश जागा आणि अध्यक्षपदांचाही तितकाच हिस्सा स्त्रियांना मिळाला. पाव हिस्सा आता तिसरा हिस्सा झाला होता. पुढे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी तो निम्म्यावर नेला.

मग स्वाभाविकच प्रश्न आला: जे ग्रामपंचायतीला योग्य, ते संसदेला का नाही?

सत्तावीस वर्षे

हा प्रश्न संसदेसमोर आणणारे पंतप्रधानही कर्नाटकाचेच होते. एच. डी. देवेगौडा यांच्या सरकारने १२ सप्टेंबर १९९६ रोजी लोकसभा आणि विधानसभा यांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारे ८१ वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले. ते गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले आणि समितीने तीन महिन्यांच्या आत अहवालही दिला. परंतु विधेयक मंजूर होण्यापूर्वी सरकार गेले. १९९८ साली विधेयक पुन्हा मांडताना त्याच्या प्रती मंत्र्यांच्या हातातून हिसकावून सभागृहात फाडण्यात आल्या. १९९९ सालीही त्याचे पाऊल पुढे पडले नाही. इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी वेगळा वाटा असावा, ही विरोधकांची प्रमुख मागणी होती. तिच्यात तथ्य होते. पण तिच्या आडोशाला, आपला मतदारसंघ हातचा जाईल या धास्तीने मूक राहिलेले पुरुष सदस्य सर्वच पक्षांत होते, हेही खरे.

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने हे विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केले. विरोधी पडलेले ते एकमेव मत शरद जोशी यांचे होते. चांदवडला लाखोंच्या संख्येने स्त्रिया ज्यांच्या हाकेने जमल्या, त्याच नेत्याने स्त्रियांच्या आरक्षणाविरुद्ध मत द्यावे, हे प्रथमदर्शनी कोड्यात टाकणारे आहे. त्यांचा आक्षेप राखीव मतदारसंघ पाळीपाळीने बदलत ठेवण्याच्या पद्धतीला होता. आज राखीव असलेला मतदारसंघ उद्या खुला होणार असेल, तर तेथे काम करून पाय रोवण्याचे कारण ना स्त्री-खासदाराला उरते, ना पुरुष-खासदाराला, हा तो मुद्दा. मत एकच पडले, पण मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नव्हता. लोकसभेत ते विधेयक चर्चेला आलेच नाही आणि २०१४ साली पंधराव्या लोकसभेबरोबर ते रद्द झाले.

या मधल्या वर्षांत इतर देश थांबले नव्हते. १९०७ साली फिनलंडच्या संसदेत १९ स्त्रिया निवडून आल्या, तेव्हापासून संसदेतील स्त्रियांचा इतिहास सुरू होतो. वंशसंहाराने उद्ध्वस्त झालेल्या रुआंडाने २००३ च्या राज्यघटनेत तीस टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवल्या आणि २००८ साली तेथील कनिष्ठ सभागृहात स्त्रियांचे बहुमत झाले. भारतात २००९ साली हा आकडा साठच्या आसपास, म्हणजे शेकडा अकरा इतकाच होता. मात्र त्याच वर्षी मीरा कुमार लोकसभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा झाल्या. २०१४ साली त्यांच्यानंतर हे पद इंदूरच्या सुमित्रा महाजन यांच्याकडे आले. कोकणातील चिपळूण हे त्यांचे माहेर.

देशाचे सर्व अडथळे जणू एकाच शहरात पाहावयाचे असतील, तर पुन्हा बंगळूरकडे वळावे. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर तेथील महानगरपालिकेत स्त्री-नगरसेवकांची संख्या वाढली; शांताकुमारी, पद्मावती, गंगांबिके अशा स्त्रिया महापौर झाल्या. परंतु १९७७ पासून २०१९ पर्यंतच्या एकाही सार्वत्रिक निवडणुकीत बंगळूर उत्तर, बंगळूर दक्षिण वा (२००८ च्या फेररचनेनंतर निर्माण झालेल्या) बंगळूर मध्य या मतदारसंघांतून स्त्री लोकसभेवर निवडून आली नाही. मतदार तेच आणि शहरही तेच. जेथे जागा राखीव होत्या तेथे स्त्रिया दिसल्या. जेथे त्या पक्षांच्या मर्जीवर होत्या तेथे दिसल्या नाहीत. २०२४ साली बंगळूर उत्तरमधून शोभा करंदलाजे विजयी झाल्या.

शहराला लागून असलेल्या पूर्वीच्या कनकपुरा मतदारसंघाने मात्र २००४ सालीच एक धक्का दिला होता. दूरदर्शन वाहिनीवर वृत्तनिवेदन करणाऱ्या तेजस्विनी गौडा तेथून निवडून आल्या. त्यांनी ज्यांचा पराभव केला, ते होते १९९६ साली महिला आरक्षण विधेयक आणणारे माजी पंतप्रधान देवेगौडा. (त्याच निवडणुकीत ते हासन येथून विजयी झाले असल्याने लोकसभेत पोहोचलेच.)

सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या संसदभवनात हे विधेयक पुन्हा मांडण्यात आले. लोकसभेत ते ४५४ विरुद्ध २ अशा मतांनी आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य अशा मतांनी संमत झाले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ती १०६ वी घटनादुरुस्ती ठरली. लोकसभा, राज्यांच्या विधानसभा आणि दिल्लीची विधानसभा यांतील एक तृतीयांश जागा तिने स्त्रियांसाठी ठरविल्या. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागांतही हाच वाटा आहे. राज्यसभा आणि विधान परिषदा यांना ती लागू नाही. आरक्षणाची मुदत पंधरा वर्षांची असून ती वाढविण्याचा अधिकार संसदेला आहे. मात्र कायदा होताच जागा राखीव झाल्या नाहीत. त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध व्हावेत, त्यांवरून मतदारसंघांची फेररचना व्हावी आणि मग आरक्षण सुरू व्हावे, अशी अट कायद्यातच घालण्यात आली.

त्यामुळे २०२४ ची निवडणूक जुन्या पद्धतीनेच झाली. स्त्री-मतदारांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित अधिक भरली. एके काळी ज्यांची लाखो नावे यादीतून वगळावी लागली होती, त्या आता रांगेत पुढे होत्या. उमेदवारांत मात्र त्या शेकडा दहाही नव्हत्या. लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या, म्हणजे २०१९ च्या ७८ पेक्षाही चार कमी. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी सात जागांवर स्त्रिया आल्या. कर्नाटकातील २८ पैकी तीन मतदारसंघांत स्त्रिया निवडून आल्या: बंगळूर उत्तर, दावणगेरे आणि चिक्कोडी. यांतील चिक्कोडी हा बेळगाव जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेला मतदारसंघ. १९९६ साली रत्नमाला सवणूर येथून निवडून आल्या व केंद्रात राज्यमंत्री झाल्या होत्या. २०२४ साली प्रियांका जारकीहोळी आल्या. या दोघींच्या मध्ये अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे.

शरद जोशी यांनी उपस्थित केलेल्या मुद्द्याचे उत्तर २०२३ च्या कायद्यात काही अंशी सापडते. राखीव मतदारसंघ त्यातही पाळीपाळीने बदलणार आहेत. परंतु ही अदलाबदल मतदारसंघांच्या प्रत्येक पुढील फेररचनेनंतरच करावयाची आहे. म्हणजे राखीव जागेवरून निवडून आलेल्या स्त्रीला त्याच मतदारसंघात पुन्हा मते मागण्याची संधी मिळू शकेल.